पुढचे टायर बाहेरून खातात आणि नाक वळत नाही: नवे स्प्रिंग मागवण्याआधी हे तपासा

गाडी टोयोटा जीआर८६ किंवा तिची जुळी सुबारू बीआरझेड. तक्रार दर वेळी तीच. सकाळचं पहिलं सेशन मस्त जातं. दुसऱ्या सेशनच्या मध्यापासून लांब वळणात स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक बाहेरच सरकत राहतं. संध्याकाळी टायर बघावेत तर पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड खरवडून निघालेली आणि आतल्या बाजूच्या खाचा जवळपास नव्या. मग माणूस कडक स्प्रिंग टाकतो, गाडी खाली बसवतो, जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) लावतो. पुढच्या ट्रॅक डेला थोडा फरक जाणवतो आणि त्याच्या पुढच्याला पहिले पाढे पंचावन्न.

इथे उत्तर कॅलिफोर्नियात आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींकडे या गाड्या बऱ्याच आहेत. मागच्या चाकांना ताकद, वजन कमी, गिअर हाताचा आणि किंमत आवाक्यात, असं दुसरं फारसं काही बाजारात उरलेलं नाही. त्यामुळे थंडरहिल किंवा लगुना सेका या रेसट्रॅकच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, हा विषय निघतोच. बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचा निघत नाही. दोष असतो पुढच्या कॅम्बरचा (समोरून बघता चाक किती कललेलं आहे ते; वरची बाजू आत झुकली तर उणे, बाहेर तर अधिक) आणि टायरमधल्या हवेचा. या दोन्ही गोष्टी मोजल्याशिवाय कळत नाहीत, आणि मोजायचा मात्र लोकांना कंटाळा.

आधी ठरवा, नाक नेमकं कधी पळतं

"अंडरस्टिअर होतो", म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेर जातं, एवढ्यावर कुणालाच काही सांगता येणार नाही. वळणात शिरताना होतो, वळणाच्या पोटात होतो की बाहेर पडताना, हे वेगळं करा.

शिरताना होत असेल तर आधी उजव्या पायाकडे बघा. ब्रेक एकदम सोडला की पुढच्या चाकांवर आलेलं वजन मागे जातं, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही त्या चाकांकडून वळण मागता. ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग फिरवा, अर्धी तक्रार तिथेच मिटते. बाहेर पडताना होत असेल तर ॲक्सिलरेटर लवकर दाबला जातोय. या गाडीत टॉर्सन डिफरेन्शियल आहे, दोन्ही मागची चाकं जोर लावतात आणि गाडी सरळ ढकलली जाते. वळण अजून बाकी असताना ताकद दिली की नाक जाणारच.

उरतो तो वळणाच्या पोटातला. स्टिअरिंग स्थिर, ॲक्सिलरेटर स्थिर, तरी गाडी बाहेर. हा गाडीचा प्रश्न असू शकतो. तपासायला थंडरहिलचं दोन नंबरचं वळण फार सोयीचं आहे. डावीकडचं, लांबलचक, जवळपास एकाच त्रिज्येचं. गाडी त्यात बराच वेळ एका अवस्थेत राहते, त्यामुळे काय चाललंय ते नीट जाणवतं. लगुना सेकाच्या कॉर्कस्क्रूमध्ये गाडी काय करते यावरून सेटअप ठरवू नका. तिथे रस्ता सुमारे १८ मीटर खाली पडतो, चाकांवरचं वजन क्षणाक्षणाला बदलतं आणि प्रत्येकाला काही ना काही वेगळंच जाणवतं.

दोन नंबरमध्ये नाक पळायला लागलं की स्टिअरिंग थोडं सोडा, म्हणजे चाकं किंचित सरळ करा. नाकाने पुन्हा पकड घेतली, तर टायर त्याच्या ताकदीपलीकडे वळवला जात होता. ही चालवण्याची सवय आहे, आणि तीसुद्धा बाहेरची कड खाते. म्हणून नुसती झिजलेली कड पाहून कॅम्बरला दोषी धरू नका. स्टिअरिंग सोडूनही नाक येत नसेल, तर पुढे वाचा.

हवा

दुसऱ्या सेशनपासून बिघडतं, पहिल्यात ठीक असतं, हे लक्षण ऐकलं की पहिला संशय हवेवर. दरवाजाच्या स्टिकरवरचा आकडा रस्त्यासाठी आहे आणि थंड टायरचा आहे. टायरमधली हवा २० अंशांवरून ७० अंशांवर गेली तर ३२ पीएसआय थंड भरलेल्याचे ४० होतात. शाळेतला वायूचा नियम आहे, त्यात टायरच्या कंपनीचा काही संबंध नाही. ४० पीएसआयला या वजनाच्या गाडीचा टायर मधोमध फुगतो, कडेचं रबर जमिनीला नीट टेकत नाही आणि पकड जाते.

म्हणून थंड आकड्याचा नाद सोडा, गरम आकडा धरा. ट्रॅकवर वापरतात त्या २०० ट्रेडवेअरच्या (मऊ, पकड जास्त असलेल्या) टायरना या गाडीवर गरम ३२ ते ३५ पीएसआयच्या आसपास बरं चालतं. नेमका आकडा टायरप्रमाणे बदलतो. सेशन संपवून आलात की लगेच, हेल्मेट काढायच्याही आधी, मोजा आणि जास्तीची हवा सोडा. चारही टायर वेगवेगळे निघतील, निघू द्या. गरम असताना चारही सारखे करा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड आकडे जे येतील ते वहीत लिहा, ते तुमचे सुरुवातीचे आकडे. मात्र घरी परत जाण्याआधी हवा पुन्हा भरायला विसरू नका. हायवेवर २५ पीएसआयने जाणं शहाणपणाचं नाही.

गेज एकच वापरा. पॅडॉकमध्ये शेजाऱ्याचा गेज मागून घेतला की दोन पीएसआयचा फरक सहज येतो, आणि मग दिवसभर तुम्ही गाडी नव्हे, गेज दुरुस्त करत बसता.

कॅम्बर: खरं दुखणं इथे आहे

हवा जागेवर आणून फरक पडला नाही तर सुईचा पायरोमीटर, म्हणजे रबराचं तापमान मोजायचा थर्मामीटर, घ्या. लेझरवाला स्वस्त थर्मामीटर नको. तो फक्त वरचा पृष्ठभाग दाखवतो आणि पिटपर्यंत येईस्तोवर पृष्ठभाग थंड झालेला असतो. सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर घुसवून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असे तीन आकडे घ्या. शेवटचा लॅप थंड करायचा नाही, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. ते जमत नसेल तर निदान एकच वळण पकडून तिथून सरळ आत या.

समजा बाहेर ९६, मध्ये ८८, आत ७२ अंश सेल्सिअस आले. म्हणजे वळणात टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि आतलं रबर नुसतं सोबतीला फिरतं. कॅम्बर कमी पडतोय. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम, तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम आणि मध्य थंड, तर हवा कमी. आपल्याला आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा पाच-आठ अंशांनी गरम हवी. सरळ रस्त्यावर आतली कड जास्त टेकते, त्यामुळे तेवढा फरक राहतोच.

या गाडीत हे का होतं? पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, ज्याला चाक खाली जोडलेलं असतं) आहे आणि कारखान्यातून पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपास येतो. समजा, जोरात वळताना गाडी ३ अंश कलली. चाक वर दाबलं जाताना स्ट्रट त्यातला जेमतेम १ अंश परत देतो. उरलेले २ अंश बाहेरचा टायर उलट्या दिशेने कललेला. सुरुवात शून्यावरून केली असेल तर वळणाच्या पोटात तुम्ही अधिक २ वर आहात. मागे डबल विशबोन आहे, तो दाबला जाताना स्वतःच कॅम्बर वाढवतो, म्हणून मागचे टायर तक्रार करत नाहीत. मागचा पकडतो आणि पुढचा पकडत नाही. तुम्हाला जो अंडरस्टिअर वाटतो, तो हाच.

ट्रॅकसाठी पुढे उणे २.५ ते उणे ३.५ अंश हवेत. कॅम्बर बोल्टने साधारण एक-सव्वा अंश मिळतो. त्यापुढे जायचं तर वर कॅम्बर प्लेट लागते. बोल्टने नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) झुकवला की चाकाचा वरचा भाग स्ट्रटकडे जातो, तेव्हा रुंद टायर असेल तर टायर आणि स्ट्रट यांच्यात बोट जातं का ते बघून घ्या. प्लेटमध्ये हा त्रास नाही, कारण तिथे अख्खा स्ट्रटच आत सरकतो.

आता "दुरुस्त करूनही पुन्हा तेच" याचं एक कारण. कॅम्बर बोल्ट सरकतो. अलाइनमेंट करून आणलेली गाडी एखाद्या उंच कर्बवर चढली, बोल्ट पुरेसा आवळलेला नसेल तर नकल हलतो आणि उणे २.५ चे उणे १.५ होतात, तेही एकाच बाजूला. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर किंचित वाकडं दिसू लागलं तर हाच संशय घ्या. उपाय साधा आहे. अलाइनमेंटनंतर पांढऱ्या पेंट मार्करने बोल्टच्या डोक्यावरून स्ट्रटच्या ब्रॅकेटवर एक सलग रेघ ओढायची. प्रत्येक सेशननंतर चाकाच्या आड वाकून बघायचं. रेघ तुटली असेल तर बोल्ट फिरला. नकल आणि स्ट्रटच्या सांध्यावर दुसरी रेघ ओढली तर बोल्ट न फिरता नुसता सरकलेला नकलसुद्धा पकडता येतो. प्लेटच्या सरकत्या भागावरही अशीच खूण करून ठेवा.

कॅम्बर बदलला की टो (वरून बघता चाकं आत की बाहेर वळलेली आहेत ते) बदलतोच. कॅम्बर वाढवून टो तसाच सोडला तर टायर आतून खायला लागेल आणि लोक म्हणतील, "बघ, कॅम्बर जास्त झाला." कॅम्बरने टायर तेवढा खात नाही, जेवढा चुकीच्या टोने खातो. पुढे शून्य टो ठेवा, मागे प्रत्येक चाकाला जरासा टो-इन. घरी दोरा लावून मोजता येतं: गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणायचे आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासूनचं अंतर पट्टीने घ्यायचं. १७ इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण ०.१२ अंश. ड्रायव्हरच्या वजनाइतकं काहीतरी सीटवर ठेवून मोजा. तांदळाची पोती चालतात, इथल्या इंडियन स्टोअरमध्ये २० पौंडांच्या मिळतात.

गाडी खाली बसवली आणि बिघडली

याची केस थोडी लांब आहे, पण समजून घ्या, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात.

स्ट्रटची गाडी खाली आणली की खालचा आर्म चाकाच्या बाजूने वर उचलला जातो. आर्म आणि स्ट्रट यांच्यातला कोन काटकोनाच्या जितका जवळ जातो, तितका चाक दाबल्यावर मिळणारा कॅम्बर कमी होतो. काटकोन ओलांडला की उलटा कमी व्हायला लागतो. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा पुढचा रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलायला तरफ मोठी मिळते. दिसायला गाडी जमिनीला चिकटलेली, आणि त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलते. मग ते कलणं थांबवायला आणखी कडक स्प्रिंग. स्प्रिंग विकणाऱ्याची यात चांदी आहे.

२५ मिलिमीटरपर्यंत खाली आणलं तर ठीक. त्याहून खाली जायचंच असेल तर लांब पिनचे बॉल जॉइंट आणि त्याला जुळणारे टाय रॉडचे टोक लागतात, नाहीतर खड्ड्यावर चाकं आपोआप वळायला लागतात.

दुसरी गोष्ट बंप स्टॉप. खाली आणलेल्या गाडीत शॉकअपचा दाबला जाण्याचा प्रवास कमी उरतो. वळणाच्या पोटात बाहेरचा स्ट्रट रबरी स्टॉपवर जाऊन बसला की स्प्रिंगचा कडकपणा एकदम कैकपट होतो. पुढे झालं तर नाक एकदम निघतं, मागे झालं तर शेपूट. ड्रायव्हर सांगतो, "गाडी अचानक दगा देते," आणि अलाइनमेंटच्या कागदावर सगळं हिरवं असतं. तपासायला एक केबल टाय पुरतो. शॉकअपच्या दांड्यावर तो बसेल इतपत घट्ट बांधा, खाली शॉकअपच्या नळीपर्यंत सरकवा आणि सेशन करून या. टाय वर सरकून जिथे थांबला तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. टाय बंप स्टॉपमध्ये रुतलेला सापडला तर कॅम्बर-टो विसरा, आधी गाडी उंच करा किंवा स्प्रिंग तेवढा वाढवा. इथे मात्र कडक स्प्रिंग हेच योग्य उत्तर असतं.

स्प्रिंगचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. पुढचा स्प्रिंग चाकाइतकाच हलतो, म्हणजे जवळजवळ. मागचा चाकाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास हलतो, आणि चाकापाशी जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो. ७ किलोचा (म्हणजे एक मिलिमीटर दाबायला ७ किलो लागणारा) मागचा स्प्रिंग चाकापाशी ४ किलोइतकाच उरतो. पुढे-मागे ७-७ असलेला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअप) संच "समान" आहे असं समजू नका.

बार: सगळे म्हणतात पुढचा मऊ करा

पुस्तकी नियम असा की पुढे अंडरस्टिअर असेल तर पुढचा अँटी-रोल बार मऊ करा किंवा मागचा कडक करा. नियम चुकीचा नाही. ड्रायव्हरसकट १,३५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४६ सेंटिमीटर, दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर १ जी वळणात (जिथे गाडीच्या वजनाइतकाच जोर बाजूला लागतो) आतल्या चाकांवरचं ४०० किलोच्या वर वजन बाहेरच्या चाकांवर जातं. बार कसलाही लावा, हा आकडा बदलत नाही. बार फक्त त्यातला पुढच्या आणि मागच्या जोडीचा वाटा ठरवतो. ज्या जोडीला वाटा जास्त, तिची पकड आधी संपते.

पण हे टायर सरळ उभा आहे असं धरून. तुमचा पुढचा टायर बाहेरच्या कडेवर उभा असेल, तर पुढचा बार मऊ केल्यावर गाडी आणखी कलते, टायर आणखी कडेवर जातो आणि अंडरस्टिअर वाढतो. मग माणूस गोंधळतो. कमी कॅम्बरच्या स्ट्रट गाडीत पुढचा बार कडक केल्यावर नाक चांगलं वळतं, हा अनुभव ऑटोक्रॉसवाल्यांना (मोकळ्या मैदानात शंकू मांडून वेळेची शर्यत करणाऱ्यांना) जुना आहे. नियमांमुळे त्यांच्या काही वर्गांत कॅम्बर प्लेट चालत नाही, मग कलणंच रोखून कॅम्बर वाचवायचा. तुम्हाला प्लेट लावायची मुभा आहे, तर आधी ती लावा. बारला हात नंतर. आणि मागचा बार कडक करून अंडरस्टिअर "घालवणं" म्हणजे मागची चांगली पकड कमी करून पुढच्या वाईट पकडीच्या रांगेत आणणं. लॅप टाइम त्याने सुधारत नाही, पावसात मात्र गाडी गरगर फिरते.

एकाच बाजूला होत असेल तर

डावीकडच्या वळणात नाक पळतं, उजवीकडे छान वळते. यावर वर लिहिलेलं बहुतेक लागू नाही. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून वजन करा, ड्रायव्हर सीटवर बसलेला पाहिजे. उजवं पुढचं आणि डावं मागचं यांची बेरीज एकूण वजनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त निघाली तर डावीकडे वळताना अंडरस्टिअर येणं स्वाभाविक आहे. कॉइलओव्हरच्या रिंगा फिरवून ती ५० वर आणा. पण त्याआधी बारच्या लिंक सोडून ठेवा. एका बाजूची लिंक आखूड असेल तर बार आधीपासूनच पिळलेला असतो आणि काटा खोटं बोलतो. वजन जुळवून झालं की ड्रायव्हर आत बसलेला असताना लिंकची लांबी अशी करा की बोल्ट हाताने सरकेल.

टायर एकाच बाजूचा जास्त झिजला म्हणून घाबरू नका. लगुना सेका घड्याळाच्या उलट दिशेने चालवतात, डावी वळणं जास्त आहेत, तेव्हा उजवा पुढचा टायर आधी संपणारच. आळीपाळीने बाजू बदलत राहा. टायरवर फिरण्याची दिशा दिली असेल तर तो रिमवरून काढून दुसऱ्या बाजूच्या रिमवर चढवावा लागेल.

शॉकअपच्या क्लिकबद्दल (त्याचा कडकपणा बदलायच्या खिट्टीच्या टप्प्यांबद्दल) थोडक्यात: ते सगळ्यात शेवटी. वळणात शिरताना पहिल्या क्षणी नाक अडखळतं आणि मग पकडतं, तर क्लिक फिरवून फायदा आहे. वळणाच्या पोटात कायम पळत राहिलं तर क्लिक कितीही फिरवा, हाताला व्यायाम. मोजणी नेहमी पूर्ण कडक टोकापासून करा आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते मधूनमधून तपासा.

क्रम

एका सेशनला एकच बदल. आधी हवा, मग कॅम्बर आणि टो, मग केबल टाय, मग वजन, मग बार, मग क्लिक. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर पायरोमीटरचे आकडे आणि बाहेरचं तापमान वहीत. आमच्या एका मित्राच्या गाडीवर पुढे उणे ३, मागे उणे २, पुढचा टो शून्य, २४५ रुंदीचे टायर आणि गरम ३३ पीएसआय एवढ्यावर तक्रार संपली. कंपनीचे स्प्रिंग आणि बार अजून तसेच आहेत. कोपऱ्यावरच्या अलाइनमेंटवाल्याने आधी "कंपनीच्या मर्यादेबाहेर करणार नाही" म्हणून त्याला परत पाठवलं होतं. अशा वेळी वाद घालू नका, ट्रॅकच्या गाड्या करणारं दुकान शोधा आणि हवे ते आकडे कागदावर लिहून न्या.

पुण्या-मुंबईहून पोलो घेऊन कोइम्बतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला जाणारे विचारतात, हे आमच्या गाडीला लागू आहे का? पुढे स्ट्रटच आहे, त्यामुळे हवा, पायरोमीटर, कॅम्बर, केबल टाय हे सगळं जसंच्या तसं. फरक मागे आहे. तिथे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा तुकडा) असल्याने मागचा कॅम्बर आणि टो शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घातल्याशिवाय बदलत नाही. ताकदही पुढच्याच चाकांना, म्हणजे वळणं, ओढणं आणि बहुतेक ब्रेकिंग त्याच दोन टायरवर. म्हणून फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत मागची बाजू कडक करण्याला खरोखर अर्थ आहे, अगदी आतलं मागचं चाक हवेत उचललं गेलं तरी चालतं. बारबद्दल वर जे बोललो, ते तिथे तसंच्या तसं लावू नका. चेन्नईच्या उन्हात रस्ता इतका तापतो की सकाळचा आणि दुपारचा थंड आकडा एक राहत नाही. दुपारच्या सेशनआधी टायर सावलीत ठेवा आणि हवा पुन्हा मोजा.

चाकं काढली-घातली असतील तर नट (पोलोत बोल्ट) टॉर्क रेंचनेच आवळा. जीआर८६ ला १२० न्यूटन-मीटर, पोलोला तेवढेच. पहिल्या सेशननंतर, चाकं थंड झाल्यावर, पुन्हा एकदा तपासा.